पाटाच्या तोंडाशी रोवलेले फावडे

माझ्या डाव्या तळहातावर, चार बोटांच्या मुळाशी, एक आडवी रेघ आहे. वर्गात खडू उजव्या हातात असतो आणि डावा हात बहुधा खिशात. त्यामुळे ती फारशी कोणाच्या नजरेस आलेली नाही. न्यायालयाच्या कागदांत मात्र ती अनेक ठिकाणी आहे. 'आरोपी क्रमांक चार यांच्या डाव्या तळहातास आडवी कापलेली जखम, साधी.' माझा धाकटा भाऊ आणि आमचे दोन चुलतभाऊ यांचा सगळा बचाव या साध्या जखमेवर उभा होता. आता अपिलाचा निकाल लागला आहे. मी गप्प राहिल्याने कोणाचे काही राखले जाईल, अशी स्थिती उरलेली नाही. म्हणून हे लिहितो.

आमचे गाव मूर्तिजापूरच्या पुढे, अकोल्याच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात आहे. जमीन काळीभोर, पण विहीर खणावी तर पाणी खारट लागते. त्या पाण्याने भाजीची पाने कडेने जळत जातात. तहानलेले जनावरही एकदा तोंड लावून मान फिरवते. नाल्याकाठच्या आमच्या एका विहिरीचे पाणी तेवढे गोड. ते तसे का, हे कोणाला ठाऊक नाही. ही विहीर सामाईक आहे. अर्धा हिस्सा आमचा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला आणि फुले पिकवून विकणारे. अर्धा हिस्सा शेजाऱ्यांचा; ते कापूस-तुरीचे जुने कास्तकार.

तीन दिवस पाणी आमचे, तीन दिवस त्यांचे. हे दिवस पंचांगाने नव्हे, विजेने मोजायचे. मोटार चालेल अशी लाईन दिवसभर राहिली तर तो दिवस पाळीत धरायचा. लाईन आलीच नाही तर तो दिवस उगवलाच नाही असे समजायचे. ज्याची पाळी त्याचे फावडे पाटाच्या तोंडाशी, चिखलात पाते रोवून उभे असे. पाळी संपली की ज्याने त्याने आपले फावडे उपटून न्यायचे. मग दुसऱ्याने आपले रोवायचे. दुसऱ्याच्या फावड्याला हात लावायचा नाही. शेजाऱ्यांच्या घरी एकदा मयत झाली तेव्हा त्यांचे फावडे तेरा दिवस तसेच उभे होते. माझ्या वडिलांनी मेथीचे दोन वाफे वाळू दिले, पण ते उपटले नाही.

मी अमरावतीला एका शाळेत मराठी शिकवतो. शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी धरून गावी जायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. शेती भाऊ पाहत असे. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर त्याने दहावीनंतर शाळा सोडली, म्हणून माझे बी.एड. पूर्ण झाले. हे त्याने कधी बोलून दाखवले नाही. मी जे सांगेन ते तो ऐकत असे, आणि मी त्याची सवय करून घेतली होती.

तो रविवार दसऱ्याच्या आधीचा होता. झेंडू भरात आला होता आणि त्याला एक पाणी हवे होते. शेजाऱ्यांची पाळी गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी होती. परंतु शुक्रवारी लाईन दुपारी आली आणि दोन तासांत गेली. सकाळी चहा घेताना भाऊ म्हणाला,

"दादा, शुक्रवारचा दिस अर्धाच भरला. आजचा दिस त्यायचाच धरा लागते."

"वीज आली होती की नाही?" मी म्हणालो. "आली होती. मग दिवस झाला. अर्ध्या दिवसाचा नियम कुठे लिहून ठेवला आहे?"

घरी मी वऱ्हाडीच बोलतो. गावात माझ्या तोंडून पुस्तकी मराठी निघे ती वाद संपवायचा असेल तेव्हाच. भावाने कप खाली ठेवला.

"तू म्हनतं तं तसं," तो म्हणाला.

मी स्वतः विहिरीवर गेलो. शेजाऱ्यांचे फावडे पाटाच्या तोंडाशी उभे होते. ते मी उपटले, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकले आणि त्या जागी आमचे रोवले. असे करणारा आमच्या घरातला मी पहिलाच. भाऊ आणि दोघे चुलतभाऊ पलीकडे कारल्याचा मांडव घालत होते. भाऊ सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, खड्डे पाडीत होता आणि ते दोघे बांबू उभे करीत होते. मांडवापासून पाटाचे तोंड तीस पावलांवर. पुढे पंचनाम्यात ते अंतर टेपने मोजले गेले, पण आमच्या मनात ते पावलांतच राहिले.

थोड्या वेळाने शेजारी आले. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊच म्हणत असे. धुऱ्यावरचे फावडे त्यांनी उचलून खांद्यावर घेतले.

"मास्तर, हे कोन उपटलं?"

"मी."

त्यांना राग आलेला दिसला नाही. कोडे पडल्यासारखा चेहरा होता.

"आजचा दिस आमचा हाय ना, बाप्पा. शुक्रवारी दोन घंटे तं लाईन होती."

"आली होती ना? मग झाले."

त्यावर ते हसले. मांडवाकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या शाळेत अर्ध्या दिसाची पुरी हजेरी लावतेत काय, मास्तर?"

मांडवाखालून एक चुलतभाऊ फिसकन हसला. मला जे झोंबले ते शेजाऱ्यांचे बोलणे नव्हते, ते हसणे होते.

ते वाकून आमच्या फावड्याशेजारी आपले रोवू लागले. मी पुढे झालो, डाव्या हाताने त्यांच्या फावड्याचे पाते धरले आणि सर्व बळाने ओढले. वर्षानुवर्षे माती कापून ते पाते कडेने विळ्यासारखे झाले होते. त्यांनी दांडा लगेच सोडला. मी मागे चिखलात पडलो, फावडे माझ्या पायाशी आपटले. तळहातातून रक्त येऊन कोपरापर्यंत ओघळले. त्यांनी फावडे उचलले, बाजूला धरले, माझ्यावर वाकले आणि विचारले,

"लागलं काय, मास्तर?"

हे शब्द फक्त मी ऐकले. मांडवाखालून दिसले ते असे: दादा खाली पडलेला, हात रक्ताने भरलेला, आणि वर फावडे घेतलेला माणूस.

भाऊ सब्बल घेऊन धावला. मागून दोघे बांबू घेऊन आले. मी त्यांना येताना पाहिले. तीस पावले आहेत. तेवढ्या वेळात 'थांब' हा एक शब्द सहज मावतो. माझे तोंड उघडे होते, एवढे मला आठवते. शेजाऱ्यांनी माझ्या काखेत दुसरा हात घालून मला उठवायला सुरुवात केली होती. तो शब्द का निघाला नाही, याचा विचार मी आठ वर्षे केला आहे. दुखत होते, भीती वाटली, जीभ वळली नाही, अशी उत्तरे मी स्वतःला देऊन पाहिली. त्यांत खरे एवढेच आहे की ते धावत येत असलेले मला बरे वाटले. मघाशी हसलेला माणूसही त्यांत होता.

पहिला फटका सब्बलीचा होता. शेजारी पडले, त्यांच्या हातचे फावडे सुटले. त्यानंतरही फटके थांबले नाहीत. त्यांना अकोल्याला नेले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आम्ही चौघे पकडले गेलो. त्या वेळी जे वकील लावले त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. फावडे मयताच्या हातात होते ना? तुमच्या हाताला जखम आहे ना? दोन्हींचे उत्तर होय असेच होते. भावाने आपल्याला दिसले ते आणि त्यावरून समजले ते, दोन्ही एकच मानून सांगितले: "त्यानं माह्या दादावर पावडं चालवलं, म्हनून मी धावलो." माझ्या जबाबात लिहिले गेले की मयताने फावडे उगारले आणि माझ्या हाताला लागले. मी तो वाचला आणि सही केली. पोटापाण्यासाठी इतरांच्या वाक्यांतल्या चुका काढणाऱ्या माणसाने तो काळजीपूर्वक वाचला होता.

अकोल्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला. शेजाऱ्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत आलो, साक्षीला उभ्या राहिल्या. त्या नवऱ्याची शिदोरी घेऊन नाल्याच्या उतारावरून येत होत्या. त्यांनी सांगितले की मालकांनी हात उचलला नाही, ते मास्तरांना उठवत होते. आमच्या वकिलांनी विचारले, तुम्ही किती दूर होता? मध्ये तुरी उभ्या होत्या ना? नवरा होता म्हणून असे सांगता ना? प्रत्येक प्रश्नाला त्या "नाही जी" म्हणत राहिल्या आणि आवाज हळूहळू बसत गेला. आरोपींच्या बाकावर मी मान खाली घालून होतो.

निकाल असा लागला की जखमी आणि रिकाम्या हाताचा म्हणून मी निर्दोष, आणि तिघांना जन्मठेप. स्वसंरक्षणाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. एका माणसावर तिघे, असे त्यात म्हटले होते. अपील दाखल झाले. चुलतभाऊ जामिनावर सुटले. भावाला जामीन मिळाला नाही, कारण सब्बल त्याच्या हातात होती. तो अमरावतीच्या तुरुंगात गेला आणि मी, निलंबन उठल्यावर, अमरावतीच्या शाळेत.

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. तारखा पडत, सरकत. नकलेसाठी अर्ज द्यायचा, शिक्क्यासाठी थांबायचे, अकोल्याहून शेवटच्या गाडीने परतायचे. पंधरा दिवसांतून एकदा तुरुंगात मुलाखत. मध्ये काच, दोन्हीकडे फोन, आणि वेळ संपत आल्याची घंटा. भाऊ दर वेळी ताजी दाढी करून येई. तुरुंगाच्या शेतावर त्याला काम मिळाले होते.

"अथी पानी लय हाय दादा," तो एकदा म्हणाला. "पाळी नाही का काही नाही. कॉक फिरवला का झालं."

"बरं हाय मंग."

"आत लोक इचारतेत, कायले आला बे? मी सांगतो, भावासाठी आलो. मंग कोनी जास्त इचारत नाही. इज्जत देतेत." मग काचेतून माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू हायस ना दादा. मंग झालं."

हे तो जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत म्हणत असे, आणि मी मान हलवीत असे.

अपील सुनावणीला येण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा जुने वकील थकले होते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका धान्याच्या दुकानावर माडीत कचेरी असलेल्या एका वकीलबाईंकडे मी कागद नेले. त्या नागपूरला अपिले चालवत. त्यांनी महिनाभर कागद वाचले आणि मला बोलावले. खाली हमाल पोती उतरवीत होते. दर पोत्यासरशी माडीची फळी थरथरे.

"सर, हात दाखवा," त्या म्हणाल्या. "डावा."

मी दाखवला. त्यांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेतली.

"हे फावड्याचं पातं समजा. मी उगारते, तुम्ही अडवा."

मी हात वर केला. पट्टी माझ्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला टेकली. त्यांनी पुन्हा केले. या वेळी ती अंगठ्याच्या बेचक्यात आली.

"आता धरा आणि ओढा."

मी पट्टी मुठीत धरून ओढली. तिची कड त्या रेघेत बरोबर बसली. त्यांनी पट्टी माझ्याकडेच राहू दिली आणि खाली दोन चहा सांगितले.

"हे खालच्या कोर्टात कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "वरही विचारतील असं नाही. पण मला विचारायचं आहे."

मी सांगितले. अर्ध्या दिवसापासून 'लागलं काय' पर्यंत. चहावर साय धरली. त्या पेनाचे टोपण लावून ऐकत होत्या.

"तुम्हाला काही होणार नाही," सगळे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तुमच्या सुटकेवर सरकारने अपील केलेलं नाही. तो विषय संपला."

मला धीर यावा म्हणून त्या हे बोलल्या असाव्यात. मला ते फार लागले.

"आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे हे कागद आजच परत न्या आणि दुसरा वकील पाहा. त्याला यातलं काही सांगू नका. तो म्हणेल, मयताने फावड्याने वार केला, जखम दाखल्यात आहे, सरकार पक्षाने तिचा खुलासा केलेला नाही. हा मुद्दा चालतो. त्यावर माणसं सुटलेली मी पाहिली आहेत."

"आणि दुसरा?"

"मयताने वार केला, असं मी आता म्हणू शकत नाही. मी म्हणेन, तीस पावलांवरून तुमच्या भावाला जे दिसलं त्याने तो घाबरला, आणि ती भीती खरी होती. कायदा अशा भीतीलाही जागा देतो. पण माणूस पडल्यानंतर ती भीती कुठवर पुरते, हे मला सांगता यायचं नाही. सुटका जवळजवळ नाहीच. फार तर शिक्षा कमी."

"तुम्हीच सांगा, कोणता धरू."

"तुम्ही नाही धरायचा, सर. अपील त्यांचं आहे. त्यांना ठाऊक असायला हवं, मग त्यांनी ठरवावं."

कागद मी परत नेले नाहीत, पण भावालाही लगेच सांगितले नाही. तीन मुलाखती कारली आणि झेंडू यांच्या बोलण्यात गेल्या. मी मनाशी हिशेब मांडत होतो की पहिल्या रस्त्याने तो सुटेल, घरी येईल, आणि भावासाठी गेलो होतो असेच म्हणत म्हातारा होईल. यात कोणाचे काय जाते? एका रविवारी खटल्याचे टंकलिखित कागद काढून बसलो. वहिनींची साक्ष आली. 'माझे मालक मास्तरांना उठवत होते.' खाली, उलटतपासणीत: 'मी नवऱ्यासाठी खोटे सांगत आहे हे म्हणणे खरे नाही.' त्या ओळीच्या पुढे मला वाचता आले नाही. अपिलाच्या जुन्या मसुद्यात त्यांनाच 'हितसंबंधी, अविश्वसनीय साक्षीदार' म्हटले होते. पहिला रस्ता त्यांच्या अंगावरून जात होता.

चौथ्या मुलाखतीत मी फोन उचलला आणि आधी वकीलबाईंचे दोन रस्ते सांगितले. मग म्हणालो,

"त्यायनं मले मारलं नव्हतं."

"काय म्हनून राहिला दादा?"

"पातं मीच धरलं होतं. ओढताना कापलं."

"पावडं त्याच्या हातात होतं. मी पाह्यलं ना."

"उचलून बाजूले धरलं होतं. मले इचारत होते, लागलं काय म्हनून. उठवून राहिले होते."

त्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. शेतातल्या कामाने त्याच्या नखांत माती होती. मागच्या काचेशी एक बाई आपल्या माणसाला घरच्या गाईचे काही सांगत होती. ते मला सगळे ऐकू येत होते.

"मी येऊन राहिलो होतो ते तुले दिसलं होतं?" त्याने विचारले.

"हो."

"मंग आवाज काहून नाही देल्ला?"

माझ्याजवळ उत्तर होते, ते वर लिहिले आहे. ते मला त्याच्या तोंडावर सांगता आले नाही. मी म्हणालो, "माह्यी चूक झाली." त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पुन्हा पुस्तकी मराठीत बोललो. मग फोन खाली ठेवला आणि घंटा व्हायच्या आधीच उठून गेला.

पुढच्या दोन्ही वेळा त्याने मुलाखतीला नकार दिला. खिडकीवरच्या शिपायाने नाव पाहून मान हलवली. "येत नाही म्हनते, सर. तब्येत ठीक हाय, पन येत नाही म्हनते." मी घरून नेलेले कपडे परत घेऊन आलो. त्या महिन्यात मी शाळेत कोणाची वही तपासली नाही. माझ्या भावाकडे आत कमावलेली एकच वस्तू होती, आणि तीही मी काढून घेतली होती. तो पहिला रस्ता निवडेल, असे मला वाटू लागले होते. निवडला असता तरी बोलायला मला जागा नव्हती.

मग तुरुंगाच्या शिक्क्याचे पत्र आले. अक्षर दहावीत होते तसेच गोल. 'वकीलबाईंना सांग, मी जेवढे पाहिले तेवढेच मांडा. तो मारत होता असे आता लिहू नका. मी पाहिले नाही. मेलेल्या माणसावर आणखी आळ नको. सब्बल मीच मारली, तो पडल्यावरही मारली, ते मला माहीत आहे. दोघा भावांना माझ्यापेक्षा कमी द्या म्हणावे.' खाली, वेगळ्या शाईत, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेले: 'शुक्रवारचा दिवस धरायचा नाही हे मी तुला त्याच दिवशी सांगितले होते.'

शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. सगळ्या प्रकरणात त्याने माझ्यावर ठेवलेला दोष लेखी असा एवढाच होता, आणि तो बरोबर होता.

नागपूरला सुनावणी झाली. वकीलबाई मोजके बोलल्या. निकालात न्यायालयाने म्हटले की पहिला फटका पडेपर्यंत आपल्या भावावर प्राणघातक हल्ला होत आहे अशी त्याची समजूत प्रामाणिक असू शकते. परंतु मयत खाली पडल्यावर व त्याच्या हातातील फावडे सुटल्यावर अशा समजुतीला आधार राहिला नाही, आणि संरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडली गेली. खून नव्हे, सदोष मनुष्यवध. चुलतभावांनी भोगली तेवढी शिक्षा पुरेशी धरली. भावाला दहा वर्षे. त्यातली आठ झाली होती. पहिल्या रस्त्याने तो त्याच दिवशी सुटला असता की जन्मठेपच कायम राहिली असती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. वकीलबाईंनी मला एक वाक्य पेन्सिलीने खूण करून दाखवले. 'जखमी इसमाने मध्ये पडून हल्ला का थांबवला नाही, याचा खुलासा अभिलेखावर नाही.'

त्यानंतरच्या रविवारी मी विहिरीवर गेलो. वहिनी आपल्या कपाशीला पाणी देत होत्या. आठ वर्षे आम्ही एकाच विहिरीचे पाणी घेत आलो, पण एकमेकांशी बोललो नव्हतो. फावड्यांवरूनच काय ते कळत असे. मी पाटाच्या अलीकडे उभा राहिलो आणि म्हणालो की तुम्ही कोर्टात सांगितले ते खरे होते, त्यांनी मारले नव्हते, ते मला उठवत होते.

त्यांनी आधी दांड फोडून पाणी पुढच्या ओळीत सोडले.

"हे मले काय सांगून राहिले, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी तं पाह्यलंच होतं."

"हो."

"कोर्टात मी जजाकडं पाहून नाही बोलली. तुमच्याकडं पाहून बोलली. म्हटलं, मास्तर हायेत, एकडाव तरी मान वर करतीन." पाणी दांडाबाहेर जाऊ लागले तसा त्यांनी पायाने मातीचा ढेकूळ सरकवला. "सरका आता तथून. वली जागा हाय, घसरसान."

मी सरकलो. निघताना त्यांनी मागून, कामाचे बोलावे तसे सांगितले की काल लाईन अर्धाच दिवस होती. मी म्हणालो, मग तो दिवस धरायचा नाही. आमचे फावडे मी खांद्यावर घेऊन आलो होतो, ते तसेच घरी नेले.

पुढच्या मुलाखतीला भाऊ आला. दाढी वाढलेली होती, त्यात पांढरे केस बरेच दिसले. त्याने फोन उचलला. 'तू हायस ना, मंग झालं' हे तो म्हणाला नाही. पुढेही म्हणणार नाही, हे मला त्याच्या बसण्यावरून कळले.

"पाळी कोनाची चालू हाय?" त्याने विचारले.

"वहिनीची."

"लाईन कशी हाय?"

"शनिवारी अर्धाच दिस होती."

"मंग?"

"धरला नाही. रविवार तिलेच सोडला."

त्याने मान हलवली. झेंडूला पाणी कमी पडले असेल, हे त्याच्या लक्षात आले असणार. दसरा जवळ होता. घंटा होईपर्यंत तो फोन कानाला लावून बसला होता, आणि मीही.